सावरपाड्याचं इंजिन

इंजिन सापडलं असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. बहुतेक वेळा ते इंजिन नसतंच. एकदा भातगिरणीचा बॉयलर निघाला, एकदा रस्त्याचा रोलर, आणि उंबरगावच्या एका गृहस्थांनी तर मला मोठ्या अभिमानानं मिठागरावरचा पंप दाखवला होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी पंपाचेही चार फोटो काढले आणि चहा पिऊन परत आले.

वाफेची जुनी इंजिनं ओळखणं हे माझं काम. मुंबईतल्या एका खाजगी संग्रहालयासाठी मी ते करते. इंजिन कुठल्या कारखान्यात घडलं, कधी घडलं, कुणाकडं कामाला होतं, हे शोधून सांगायचं. पितळी पाटी शाबूत असेल तर हे शेंबड्या पोरालाही जमेल, पण पाटी चोर सगळ्यात आधी नेतात. मग उरतात दोनच गोष्टी. एक म्हणजे ठसे. इंजिनाच्या प्रत्येक मोठ्या भागावर कारखान्यानं नंबर ठोकलेला असतो, गंज खरवडला की तो वर येतो. दुसरी गोष्ट झीज. कुठला भाग किती झिजला आणि कुठल्या अंगानं झिजला, यावरून त्या इंजिनाचं सगळं आयुष्य वाचता येतं. माणसं आपल्या सोयीनं बोलतात. लोखंडाला कसली सोय नसते, म्हणून माझं माणसांपेक्षा लोखंडाशी बरं जमतं. घरचे याला माझा तुसडेपणा म्हणतात, आणि ते काही अगदी चूक नाही.

मे महिन्यात तलासरीहून फोन आला तेव्हा मी बोर्डीला घरीच होते. वाडीतला चिकू उतरवण्याचं काम चालू होतं. फोन सावरपाड्याच्या पोलीसपाटलांचा होता, देवजी त्यांचं नाव. पाड्याखालच्या डोहातला गाळ शेतांसाठी काढत होते आणि जेसीबीचा दात कशाला तरी लागला होता. धुरांड्यासारखं दिसतंय, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, आणखी एक पंप. तरी गाडी काढली, कारण तिकडंच, उधवा गावाच्या बाजूला, पूर्वी जंगलाच्या एका ठेकेदारानं लाकूड वाहायला छोटी रेल्वेलाइन टाकली होती, एवढं मी लहानपणी ऐकलं होतं.

डोंगरातून येणारा ओहळ खाली वळतो तिथं तो डोह आहे. थाळीसारखा गोल, तिन्ही बाजूंनी काळा खडक, एका बाजूला चढण आणि त्यावर एक जुनं उंबराचं झाड. त्या वर्षी पाणी तळाशी गेलं होतं आणि तळात गाळच गाळ होता. त्यातून हातभर उंचीचं धुरांडं बाहेर आलं होतं. मी खाली उतरले, बोटानं कडा खरवडली, आणि मला पंधरा वर्षांत झाला नसेल एवढा आनंद झाला. ते इंजिन होतं. चार चाकांचं, हत्तीच्या पिलाएवढं, कुठंही न वाकता गाळात सरळ उभं, हे पुढं खणल्यावर कळलं.

संग्रहालयानं परवानग्या आणल्या. कासा-चारोटीकडच्या तुषारची क्रेन ठरवली. तुषार तिशीतला, हायवेवरचे उलटलेले ट्रक उचलण्यात पटाईत, आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस. पाड्यावरची माणसं मजुरीला लागली. आठवडाभर आम्ही हातानं खणत होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एक म्हातारी माझ्या नजरेत यायला लागली. संध्याकाळी काम थांबायच्या सुमाराला ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढणीवर यायची, मोळी उंबराखाली ठेवायची, घटकाभर खाली इंजिनाकडं बघायची आणि मोकळ्या डोक्यानं परत जायची. सकाळी मोळी नसायची. मला वाटलं, क्रेनची माणसं चहासाठी जाळत असतील. मी तुषारला झापलं. त्यानं शपथ घेतली.

"मॅडम, गॅसची शेगडी हाय आमच्याकडं. तिच्या लाकडाला कोण हात लावतोय?"

मग मी म्हातारीलाच गाठलं. तिचं नाव हिराबाई. पंचाहत्तरी उलटलेली, पण चालण्यात अजून ताठ. ती मला एकेरीतच बोलली, त्या बाजूच्या म्हाताऱ्या बायका सगळ्यांना तसंच बोलतात.

"बाई, आत माझा बापूस असंल," ती म्हणाली. "फावडं हळू मार."

तिचा बाप झिपरू त्या इंजिनावर फायरमन होता. भट्टीत लाकूड घालायचं त्याचं काम. डोहाच्या काठाला लाइनचा एक फाटा होता, इंजिन तिथं पाणी भरायला थांबायचं. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एके दिवशी ड्रायव्हर पाड्यावर ताडी प्यायला गेला आणि झिपरूला इंजिनाजवळ ठेवून गेला. तो परत आला तेव्हा डोह फुगलेला होता, काठ खचला होता, इंजिन नव्हतं आणि झिपरूही नव्हता. आपली नोकरी वाचवायला ड्रायव्हरनं सांगितलं की फायरमन इंजिन घेऊन पळाला. ठेकेदारानं चोरीची तक्रार दिली. रुळांवरून चालणारं इंजिन चोरून माणूस नेणार कुठं, हे कुणी विचारलं नाही. हिराबाई तेव्हा पाळण्यात होती. पुढं जन्मभर ती चोराची पोर राहिली. लग्नात तिच्या सासऱ्यानं तीन वेळा बोलणी मोडली होती.

तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. हे तेच इंजिन असेल तर तसं लेखी सांगायचं, म्हणजे बापाच्या नावाचा डाग जाईल आणि मग त्याचं क्रियाकर्म करता येईल. इतकी वर्षं ते राहिलं होतं, कारण पळालेल्या माणसाचं क्रियाकर्म कसं करणार?

मला तिचं बोलणं लागलं. मी ठरवलं की ड्रायव्हर-फायरमनच्या उभं राहायच्या जागेतला गाळ तिथं उपसायचा नाही. आत हाडं असली तर ती फावड्यानं विखुरतील. तो भाग गाळासकट ताडपत्रीत बांधला आणि हिराबाईला शब्द दिला की तिथला गाळ तिच्यासमोर काढीन. भट्टीचं दार त्याच गाळामागं होतं.

गुरुवारी क्रेननं इंजिन उचललं. पाडा सगळा काठावर जमला होता. चाकं गाळातून सुटली तेव्हा एक लांब हुंकारासारखा आवाज आला, ओल्या गाळातून काहीही उपसलं की येतो तसा. खाली काय दिसतं ते बघायला मी वाकले. चाकांच्या खाली कडक मुरुमात वीतभर रुंदीचे दोन चर पडले होते. घासून काचेसारखे गुळगुळीत. ते इंजिनाखालून निघून पुढच्या बाजूनं वळत गाळात शिरत होते आणि मागच्याही बाजूनं तसेच वळत. जुन्या फाट्याचं वळण असेल, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी झऱ्याचं पाणी भरलं आणि ते चर दिसेनासे झाले.

इंजिन डहाणूला आणलं. मल्याणच्या बाजूला फुग्यांचा एक बंद पडलेला कारखाना आहे, त्याची शेड संग्रहालयानं भाड्यानं घेतली होती. तिथं अजून रबराचा आंबूस वास येतो आणि भिंतींवर लाल-पिवळे ओघळ आहेत. मी पाण्याच्या झोतानं इंजिन धुतलं आणि ठसे शोधायला बसले.

दुपारपर्यंत ओळख पटली. दांड्यांवर, सिलिंडरच्या झाकणांवर, आसाच्या पेट्यांवर सगळीकडं एकच नंबर. याचा अर्थ एकही भाग दुसऱ्या इंजिनाचा नव्हता. इंग्लंडमधल्या एका ओळखीच्या माणसाला नंबर कळवला, तर त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. लीड्स शहरात घडलेलं इंजिन, मुंबईमार्गे संजाणला एका जंगल ठेकेदाराकडं रवाना. हातच्या काकणाला आरसा कशाला? ते झिपरूचंच इंजिन होतं. मी खूश होते.

एकच गोष्ट मला खटकली. आसाच्या पेट्यांतलं तेल. गाळात इतकी वर्षं राहूनही ते पिवळं आणि मऊ होतं, आणि त्याला मोहाच्या बियांच्या तेलाचा वास येत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलाची टंचाई होती, ठेकेदारानं गावठी तेल वापरलं असणार. मोहाचं तेल वर्षभरात खवट होतं, हे मला माहीत आहे. पण गाळात हवा नसते, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवजी पोलीसपाटील आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, चेहरा ओढलेला. शेडच्या दारातच बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस नव्हता तो. त्यांनी सरळच विचारलं.

"बाई, ही दुसरी कुठली गाडी हाय, असं लिवता येईल का?"

मी कारण विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते हिराबाईनं मला सांगितलं नव्हतं.

सावरपाड्यावर लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. तो सवाशिणींनीच काढायचा, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे तिनंच. झिपरू पळाला असं पंचांनी ठरवलं त्याच आठवड्यात पाड्यावर एक लग्न होतं. झिपरूची बायको बुधी कपाळभर कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून त्या घरात गेली. चोराची बायको म्हणून बायका बाजूला सरल्या. बुधी पंचांना म्हणाली, "तो पळाला म्हणता ना? मग तो जिता हाय. मी सवाशीण. पीठ द्या." आणि पंचांना तोंड उघडता येईना. नाही म्हणावं तर झिपरू मेला असं कबूल करावं लागलं असतं, म्हणजे चोरीचा आळ खोटा पडला असता.

त्यानंतर बुधीनं चौक काढायचं सोडलं नाही. तिचा हात इतका चांगला होता की पुढं लोकच तिला बोलवायला लागले. साठेक वर्षं सावरपाड्यावरची बहुतेक लग्नं तिच्या चौकापुढं लागली. देवजींचंही तिच्याच चौकापुढं लागलं, त्यांच्या पोरांचीही. करोनाच्या साली ती गेली, तेव्हा तिला सवाशीण म्हणूनच हिरव्या चोळीत नेलं.

"आता तुम्ही लिवलं की झिपरू तेव्हाच बुडाला," देवजी म्हणाले, "तर बुधी एवढी वरसं रांडावलेली होती. आमचे सगळे चौक रांडावलेल्या हातचे. आज कुणाचं पोर गेलं तर आम्ही नशीब म्हणतो. उद्या ते चौकावर येईल. पाड्यात एक घर शाबूत राहणार नाय, बाई."

मी चिडले. खोटं लिहिणार नाही, असं फटकन सांगितलं. पण ते गेल्यावर मला जेवण गेलं नाही. बापाचा डाग पुसला तर आईवर डाग येणार होता, आणि हे हिराबाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरीही ती माझ्याकडं आली होती. रागानं नव्हे, तर मन दुसरीकडं लागावं म्हणून मी उठले आणि चाकं मोजायला घेतली.

बैलगाडीच्या चाकाला असते तशीच रेल्वेच्या चाकालाही लोखंडी धाव असते. ती झिजते, मग बदलतात. धावेच्या अंगावर ती कधी बनली तो महिना आणि साल ठोकलेलं असतं. मी ब्रशनं घासून वाचलं. धावा इंजिन बुडण्याच्या दोन वर्षं आधीच्या होत्या. म्हणजे जवळजवळ नव्या. डोंगरातून संजाणपर्यंत लाकडं वाहून दोन वर्षांत त्या फार तर नखभर झिजायला हव्या होत्या.

त्या संपल्या होत्या. अगदी मोडीत काढायच्या जाडीपर्यंत. मी पुन्हा मोजलं. कॅलिपर बदलून मोजलं.

एवढी झीज व्हायला त्या आकाराच्या इंजिनाला रोज चालून सत्तर-ऐंशी वर्षं लागतात.

कुणी तरी जुन्या, झिजलेल्या धावा आणून बसवल्या असतील, असा विचार मी केला. पण त्यांवर साल होतं. आणि आसाच्या पेट्यांतलं पितळ तेवढंच झिजलेलं होतं, दांड्यांचे खिळेही तेवढेच. सगळं एका मापानं झिजलं होतं, एकत्र काम केलेल्या भागांचं झिजतं तसं. मग मी चाकांच्या कडा बघितल्या. डावीकडच्या दोन्ही चाकांच्या कडा नीट होत्या. उजवीकडच्या सुरीसारख्या धारदार झाल्या होत्या.

असं फक्त एकाच कारणानं होतं. इंजिन सतत एकाच बाजूला वळत असेल तर.

मला त्या शेडमध्ये थांबवेना. मी बाहेर उन्हात येऊन उभी राहिले. समोरच्या घरात कुणी तरी मासे धूत होतं, रस्त्यावरून शाळेच्या पोरी सायकलवर चालल्या होत्या. मला थाळीसारखा गोल डोह आठवत होता आणि तो आठवू नये असं वाटत होतं.

रविवारी हिराबाई आल्या. देवजी त्यांना घेऊन आले होते, दोघं डहाणू स्टेशनपर्यंत जीपनं आणि पुढं रिक्षानं. एकमेकांशी बोलत नव्हते. दिलेल्या शब्दाप्रमाणं मी ताडपत्री सोडली आणि त्यांच्यासमोर गाळ काढायला सुरुवात केली. बाहेर काढलेली प्रत्येक पाटी चाळणीतून गाळली. तुषारही मदतीला आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

हाडं नव्हती. एकही नव्हतं. बटण नाही, बिल्ला नाही, चपलेचा तुकडा नाही.

देवजींनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. हाडं नाहीत म्हणजे झिपरू पळाला असंच म्हणता येईल, हे त्यांच्या मनात आलं असणार.

गाळ संपला तसं भट्टीचं दार दिसलं. घट्ट बंद, कडेनं गाळ बसून लिंपल्यासारखं झालेलं. दाराला लोखंडी मूठ होती, नवी असते तेव्हा अंगठ्याएवढी जाड असते. ही मधोमध पेन्सिलीएवढी उरली होती. गंजानं खाल्लेली नव्हती. झिजून चकचकीत झाली होती, देवळाच्या उंबऱ्यासारखी.

मी हातमोजे घातले. कडेचा गाळ खरवडला, मूठ वर केली. दार लगेच उघडलं. बिजागरीनं आवाजही केला नाही.

आत कोरडं होतं.

मी टॉर्च मारला. जाळीवर राख होती, हलकी, पांढरी. राखेवर पाच-सहा लाकडं. त्यांची आतली टोकं जळून कोळसा झाली होती. बाहेरची टोकं तशीच होती.

मी एक लाकूड बाहेर काढलं. साल अजून चिकटलेली होती. ते खैराचं नव्हतं, सागाचं नव्हतं, ऐनाचं नव्हतं. मी ते झाड ओळखते. आम्ही शाळेत असताना वनखात्यानं परदेशातून आणलेली ती बाभूळ लावली होती, बोर्डीच्या शाळेमागं आम्हीच खड्डे खणले होते. त्याआधी या भागात ते झाड नव्हतं.

लाकडाच्या टोकावर कोयत्याचा घाव होता, आणि घावाच्या मधोमध बारीक उंचवटा. दुसरं लाकूड काढलं. त्यावरही तसाच उंचवटा, त्याच जागी. तिसऱ्यावरही.

हिराबाई पुढं आल्या. त्यांनी माझ्या हातातून लाकूड घेतलं आणि टोकावरून अंगठा फिरवला.

"ही माझी मोळी," त्या म्हणाल्या. "माझ्या कोयत्याचा दात पडलाय."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. आई रोज संध्याकाळी डोहावर एक मोळी ठेवायची. महिन्याला एकदा वाटीभर मोहाचं तेल ठेवायची. लोक म्हणायचे, वेडी झाली. सकाळी दोन्ही नसायचं. लोक म्हणायचे, कुणी तरी नेत असेल. आई मरताना म्हणाली की आता तू ठेव. हिराबाईंनी दोन्ही ठेवलं. इंजिन उचललं त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मोळी रोज ठेवली.

त्या आदल्या संध्याकाळी भट्टीचं दार माझ्या ताडपत्रीखाली, पुरुषभर गाळामागं होतं. गाठी मी स्वतः बांधल्या होत्या.

हिराबाईंनी लाकूड परत भट्टीत ठेवलं, जळक्या टोकाशी नीट जुळवून. दार लावलं. मग माझ्याकडं वळल्या.

"तू गाडी उचललीस तो कंचा वार होता?"

"गुरुवार."

त्यांनी मान हलवली. इंजिनाच्या चाकाशी टेकून खाली बसल्या आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"देवजी," त्या पदराआडून म्हणाल्या, "गुरुवारपासून सुतक धर."

देवजींनी टोपी काढली. माझ्या आधी त्यांना सगळं कळलं होतं. गुरुवारपर्यंत झिपरू कामावर होता. तो चोर नव्हता. बुधी मेली तेव्हा तिचा नवरा जिवंत होता, तिचा एकही चौक खोटा नव्हता. पाड्यावरचं एकही घर बाटलं नव्हतं.

"आता लिवा बाई," ते म्हणाले. "खरं हाय तेच लिवा."

सगळ्यांना हवं ते मिळालं होतं. मी मात्र कॅलिपर हातात धरून उभी होते. इंजिन उचलायची खूण मी केली होती. हात वर करून, तुषारकडं बघून, हसत. मला आयुष्यात कधी एवढी भीती वाटली नव्हती आणि एवढी शरमही. मी हिराबाईंच्या समोर खाली बसले आणि म्हटलं, मला माफ करा. कशाबद्दल, ते मला वाक्यात मांडता आलं नसतं.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू कुठं जाणत होतीस? दमला होता तो. कोणी तरी उतरवायलाच पाहिजे होता."

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा सावरपाड्यावर पुतळा करतात. गवताचा, पळसाच्या पानांचा, माणसाएवढ्या उंचीचा. त्याला माणसासारखंच नेतात आणि माणसासारखंच जाळतात. मी गेले. न जाणं मला शक्यच नव्हतं. अंगणात पुतळा तिरडीवर बांधला तेव्हा मी जवळच होते, एका हातानं उचलता आला असता एवढा तो हलका होता. गवत माझ्यासमोर विळ्यानं कापलं होतं.

चौघांनी खांदा दिला. त्यात देवजी होते. ओहळ ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. चढणीवर उंबराजवळ पुढच्या दोघांचे गुडघे वाकले. त्यांनी तिरडी खाली टेकवली, घाम पुसला आणि ती दुसऱ्या चौघांच्या खांद्यावर दिली. त्यांनीही वाटेत एकदा टेकवली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला बायका गेल्या. हिराबाईंनी मला बोलावलं. डोहाच्या काठावर राखेचा ढीग होता, गवताची राख असते तसा, काळा-पांढरा आणि भुसभुशीत. हिराबाई त्यात पाणी शिंपडत होत्या आणि बोटांनी चाचपत होत्या. त्यांच्याजवळ मातीचं लहान मडकं होतं. दर थोड्या वेळानं त्या काही तरी उचलून त्यात टाकत होत्या. आत पडताना आवाज येत होता.

गवताच्या राखेत काय सापडणार, असं मी स्वतःला विचारत होते. आधीच्या कुठल्या चितेचं राहिलं असेल. खडे असतील.

हिराबाईंनी एक वस्तू उचलली, ओल्या पदरानं पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ओळखायचं माझं काम, म्हणून दिली असावी.

ती दाढ होती. मूळ शाबूत होतं. मी सवयीनं ती उजेडात धरून झीज पाहिली. झिपरू बुडाला तेव्हा पंचविशीचा होता.

वरचा सगळा भाग सपाट झाला होता, पार हिरडीपर्यंत. ती दाढ शंभर वर्षं तरी वापरलेली होती.